गाडीचे जादा दिवे

रायपूर शहरात रेल्वेच्या रुळांपलीकडे गुढियारी नावाची वस्ती आहे. घाऊक किराणा आणि धान्य यांच्या व्यापारासाठी ती प्रसिद्ध आहे. तिच्या पलीकडे भनपुरी, उरला, सिलतरा अशी कारखान्यांची गावे लागतात. त्यामुळे रात्र पडली तरी या भागातली चाके थांबत नाहीत. एखादी मालमोटार राजनांदगाववरून नागपूरच्या वाटेला लागते, दुसरी बिलासपूरकडे जाते, तिसरी धमतरी-कांकेरवरून केशकाळचा घाट चढून बस्तरात उतरते. मराठी श्रोत्यांना हा मुलूख परका नाही. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि रायपुरातली कितीतरी मराठी घरे आजही सणावाराला याच रस्त्याने विदर्भात ये-जा करतात.

हमरस्त्यावर असेतोवर गाडीचे मूळचे दिवे पुरतात. परंतु हमरस्ता सोडला, की चित्र पालटते. गरियाबंदकडच्या रानातली कच्ची वाट, नाल्याच्या पात्रात उतरणारा गाडीरस्ता, धानाची पोती भरायला शेताच्या बांधापर्यंत जाणारी चाकोरी, या ठिकाणी खड्डा कोठे आणि दगड कोठे हे दिसायला आणखी उजेड हवा असतो. म्हणून लोक गाडीला जादा दिवे लावून घेतात. आजच्या भाषणात मी याच दिव्यांविषयी बोलणार आहे. किंबहुना, दिव्यांपेक्षा त्यांना जोडणाऱ्या तारांविषयी अधिक बोलणार आहे. कारण दिवा दुकानात पेटीत बंद होऊन मिळतो आणि तो बहुधा चांगलाच असतो. तार मात्र कोणीतरी आपल्या हाताने ओढायची असते, आणि चांगलेवाईट जे काही घडते ते या ओढण्यात घडते.

मोटारीच्या आरंभीच्या काळात तिच्या पुढे जळणारे दिवे कार्बाइडच्या वायूवर चालत. ते पेटवायचे, पुसायचे, वाऱ्यापावसापासून सांभाळायचे म्हणजे एक उपद्व्यापच होता. १९१३ च्या सुमारास जर्मनीतील बॉश कंपनीने दिवे, जनित्र आणि नियामक असा विजेचा पूर्ण संच विक्रीला आणला. १९६२ मध्ये युरोपात मोटारींसाठी हॅलोजनचा दिवा आला, आणि अलीकडच्या काळात एलईडीच्या पट्ट्या आल्या. उजेड वाढत गेला आणि स्वस्तही होत गेला. पूर्वी जादा दिवा ही लष्करी जीपची किंवा शिकाऱ्याच्या गाडीची मिरास होती. आज तो लहानशा मालवाहू गाडीवरही दिसतो. दिवा असा सोपा झाला, पण त्याच्यामागे वाहणाऱ्या विजेचे नियम बदललेले नाहीत. ते आपण क्रमाने पाहू.

मोटारीतील वीज १२ व्होल्टची असते. घरातील २३० व्होल्टच्या तुलनेने ती इतकी सौम्य वाटते, की तिच्यापासून धोका कसला, असे पुष्कळांच्या मनात येते. हात लावला तर धक्का बसत नाही हे खरे. परंतु धक्का निराळा आणि आग निराळी. दाब कमी असला, की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. घरात एवढ्या शक्तीला अर्धा अँपिअरही लागत नाही. मोटारीत मात्र ११० ला १२ ने भागावे लागते आणि उत्तर नऊ अँपिअरच्या वर येते. तारेत उष्णता निर्माण होते ती प्रवाहामुळे, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, की तीच तार चौपट तापते. म्हणून या लहान दिसणाऱ्या १२ व्होल्टला घरातल्यापेक्षा जाड तार लागते. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते, पण तीच सगळ्याचे मूळ आहे.

आता तारेचे गणित मांडू. बॅटरीपासून दिव्यापर्यंत वळणे घेत जाणारी तार सुमारे चार मीटर भरते असे समजा. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची बारीक तांब्याची तार घेतली आणि तिच्यातून दहा अँपिअर सोडले, तर जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि सुमारे चौदा वॅट उष्णता तारेच्या अंगात मुरते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर वाटेत पाव व्होल्टच्या किंचित वर जाते. हॅलोजनच्या दिव्याचा स्वभाव असा आहे, की दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे बारीक तार घेणारा माणूस चार पैसे वाचवतो आणि विकत घेतलेल्या उजेडातला तिसरा हिस्सा तारेत जाळून टाकतो. आणि मग दिवा मंद वाटतो म्हणून आणखी मोठा दिवा आणतो! तार तीच राहते, प्रवाह वाढतो, आणि संकट एक पाऊल जवळ येते.

तारेच्या वेष्टनाकडेही लक्ष हवे. घराच्या वायरिंगसाठी मिळणारी साधी पीव्हीसीची तार ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात सावलीतला पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. अशा दिवशी बॉनेटखाली तापलेल्या इंजिनाशेजारी काय स्थिती असेल याची कल्पना करावी. तेथे मोटारीसाठी म्हणून बनवलेली, अधिक उष्णता सोसणारीच तार वापरली पाहिजे. ती नळीदार आच्छादनात घालावी, एक्झॉस्टच्या नळापासून दूर न्यावी, आणि पत्र्याच्या भोकातून नेताना त्या भोकाला रबरी कडे बसवावे. खडबडीत वाटेवर गाडी तासन् तास थरथरत असते. पत्र्याची धार त्या थरथरीने वेष्टनाला करवतीसारखी कापते आणि एके दिवशी तांबे उघडे पडते.

यानंतर सांधा. दोन तारांची टोके सोलायची, पीळ द्यायचा आणि वर काळी पट्टी गुंडाळायची, ही रीत आपल्याकडे सर्रास दिसते. उन्हाने पट्टीचा डिंक सुटतो, पावसाने तांब्याला गंज चढतो आणि सांध्याचा रोध वाढतो. तो फार नाही, पाव ओहमच्याही आत, समजा ०.२ ओहम इतका वाढला. दहा अँपिअरला त्या एका बिंदूवर वीस वॅट उष्णता उत्पन्न होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाख देण्यासाठी जी तापणारी सळई वापरतो, ती साधारणतः पंचवीस वॅटची असते. म्हणजे तेवढीच तापलेली सळई आपण तेलकट इंजिनाच्या कोपऱ्यात रात्रभर ठेवून दिली असा अर्थ होतो. म्हणून सांधे शक्य तितके कमी असावेत, जे असतील ते योग्य मापाच्या टोप्या पकडीने दाबून केलेले असावेत, आणि त्यांच्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवलेली असावी. दिव्याची दुसरी तार गाडीच्या अंगाला जोडतात. तेथला रंग खरवडून, स्वच्छ धातूवर, बोल्टने घट्ट आवळून ती जोडावी. बिघाड पुष्कळदा याच जोडात दडलेला असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी तार कोठेतरी सोलली जाऊन गाडीच्या पत्र्याला टेकली, तर काय होते? बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो. इंजिन फिरवण्यासाठी शेकडो अँपिअर एका क्षणात देण्याची तिची ताकद असते, आणि ती सारी ताकद आता त्या बिचाऱ्या तारेवर येते. काही सेकंदांत तार लाल होते, वेष्टन पेटते, शेजारच्या तारा पेटतात. चावी काढून घेतली तरी उपयोग नसतो, कारण ही तार चावीच्या आधीच बॅटरीला जोडलेली असते.

आग म्हणजे काय, हे गुढियारीला नव्याने सांगावयास नको. ५ एप्रिल २०२४ रोजी तेथील वीज वितरण कंपनीच्या भांडाराला आग लागली आणि तेलाने भरलेली रोहित्रे पेटत गेली. त्या आगीचा मोटारींशी काही संबंध नव्हता. परंतु तेल, रबर आणि वेष्टने एकत्र आली, की ज्वाळा कशी आवरेनाशी होते, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मोटारीच्या बॉनेटखाली हेच पदार्थ लहान प्रमाणात एकत्र नांदत असतात.

या संकटावरचा उपाय काही रुपयांना मिळतो. तो म्हणजे फ्यूज, आपली वितळतार. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की ती स्वतः वितळते आणि वाट तोडते. पण ती कोठे बसवावी याविषयी मोठा गैरसमज आहे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी आहे असे समजून पुष्कळ जण तो दिव्याजवळ बसवतात. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणीच रक्षणकर्ता नसतो. म्हणून ते अंतर वीतभरापेक्षा अधिक असू नये. फ्यूजचे माप तार पाहून ठरवावे. वर सांगितलेल्या ५५ वॅटच्या दोन दिव्यांना, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर, पंधरा अँपिअरचा फ्यूज योग्य होय. चपट्या फ्यूजमध्ये तो निळ्या रंगाचा असतो. दहाचा लाल, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. निळा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी हिरवा घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळून काम भागवणे, म्हणजे भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा हाकलून देणे होय. फ्यूज उडाला तर त्याचे कारण शोधावे, माप वाढवू नये.

दहा अँपिअरचा हा प्रवाह चालकाच्या पुढ्यातील लहान बटणातून न्यावा काय? नेऊ नये. त्यासाठी बॅटरीपासून बटणापर्यंत आणि बटणापासून दिव्यापर्यंत जाड तार फिरवावी लागेल, तिची लांबी वाढेल, आणि बटणाचे नाजूक स्पर्शबिंदू जळतील. येथे रिले नावाचे साधन उपयोगी पडते. रिलेच्या पोटात एक लहान विद्युत्चुंबक असतो. त्याच्या वेटोळ्यातून अँपिअरचा सहावा-सातवा हिस्सा प्रवाह गेला, की तो लोखंडाची पट्टी ओढतो आणि मोठ्या प्रवाहाची वाट जोडली जाते. चालक बटणातून केवळ आज्ञा देतो, ओझे वाहण्याचे काम बॉनेटखालचा रिले करतो. त्याच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड तार ३० ला जोडावी, ८७ मधून ती दिव्यांकडे न्यावी, बटणाची बारीक तार ८६ ला द्यावी आणि ८५ गाडीच्या अंगाला जोडावा. बटणाच्या तारेलाही तिच्या उगमाशी स्वतंत्र लहान फ्यूज असावा.

काम आरंभण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. ऋण टोक अगोदरच गाडीच्या अंगाशी जोडलेले असते, त्यामुळे ते सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही. उलट, धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर ठिणग्यांचा पाऊस पडतो.

मोठ्या मालमोटारींच्या मालकांसाठी येथे एक सूचना केली पाहिजे. त्यांच्या गाड्यांत बहुधा दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. बाजारात १२ व्होल्टचा दिवा सहज मिळतो, म्हणून दोन्हींपैकी एकाच बॅटरीवर तो जोडण्याची युक्ती केली जाते. तीमुळे ती एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते, आणि अल्पावधीतच दोन्ही निकामी होतात. २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचाच दिवा लावावा.

येथपर्यंत जे सांगितले ते आपल्या स्वतःच्या गाडीच्या रक्षणाविषयी झाले. परंतु उजेड ही अशी वस्तू आहे, की ती आपल्या गाडीपाशी थांबत नाही. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या, बैलगाडीवाल्याच्या किंवा बसचालकाच्या डोळ्यांत तो शिरतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. समोरच्याचे डोळे तेवढाच वेळ दिपले, तरी ते पन्नास मीटर तो आंधळ्यासारखा चालतो. त्या अंतरात रस्त्याच्या कडेने घरी परतणारा एखादा मजूर असू शकतो. ज्या दिव्याने आपल्याला वाट दिसते, त्यानेच दुसऱ्याची वाट नाहीशी होते.

कायद्याने हे ओळखले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम असे सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा. दिव्यापासून आठ मीटरवर, त्याच्या कडेपासून उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, असा माणूस त्या झोताने दिपता कामा नये. १११ वा नियम याहून स्पष्ट आहे. नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असलेले अपवादात्मक प्रसंग सोडले, तर गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवण्यास त्याने मनाई केली आहे. तेव्हा दिवे विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे, विमा कंपनीलाही कळवावे. खासगी शेतात, खाणीत किंवा रानवाटेवर वापरायचे दिवे सार्वजनिक रस्त्यावर बंद ठेवावेत आणि त्यांच्यावर झाकण घालावे. रानातही हत्ती किंवा हरणे दिसली, तर त्यांच्यावर झोत रोखू नये. दिपलेले जनावर जागीच खिळते किंवा बिथरते.

परंतु नियम पाळणे केवळ चालकाच्या स्मरणावर सोपवू नये, असे मला वाटते. दिवसभर गाडी हाकून दमलेला माणूस दुसरे बटण बंद करायला विसरतोच. येथे पुन्हा तारच मदतीला येते. रिलेला आज्ञा देणारी बारीक तार जर मूळच्या दिव्यांच्या लांब झोताच्या तारेवरून, बटणामार्गे घेतली, तर चालकाने समोरची गाडी पाहून झोत खाली केला, की जादा दिवे आपोआप विझतात. सवयीच्या एकाच हालचालीत दोन्ही कामे होतात. शिष्टाचार असा तारेतच गुंफून ठेवता येतो. अलीकडच्या गाड्यांत मात्र मूळच्या दिव्यांवर संगणकाची देखरेख असते. तेथे मूळ तार सोलून जोड घेतल्यास तो संगणक बिघाड समजतो. अशा गाडीला तिच्या निर्मात्याने ठेवलेल्या जोडाचाच उपयोग करावा आणि जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा.

दिवा कोठे बसवावा याविषयीही थोडे. छपरावर लावलेली पट्टी ऐटबाज दिसते, पण तिचा उजेड चालकाच्या डोळ्यांसमोरच्या धुळीवर आणि बॉनेटवर पडून उलटा फिरतो. कच्च्या वाटेवर पुढे दुसरी गाडी असली, की चालकाला पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. धुळीत आणि धुक्यात खाली बसवलेला, रुंद आणि चपट्या झोताचा दिवाच कामाचा. आणखी एक गोष्ट आकाशवाणीच्या श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हलक्या प्रतीच्या एलईडी पट्ट्यांमधील विद्युत्मंडले रेडिओच्या लहरींत खरखर उत्पन्न करतात. दिवा लावताच गाडीतला रेडिओ कुरकुरू लागला, तर दोष केंद्राचा नव्हे, दिव्याचा आहे!

काम पुरे झाल्यावर कारागिराला लगेच निरोप देऊ नये. इंजिन सुरू ठेवून दिवे वीस मिनिटे जळू द्यावेत. मग ते विझवून, हलणारे भाग आणि तापलेले नळ टाळून, तार, फ्यूज आणि रिले यांना सावधपणे हात लावून पाहावा. ती कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. दिवे जळत असताना बॅटरीच्या टोकांवरचा आणि दिव्याच्या टोकांवरचा दाब मोजून पाहावा. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक नसावा. ही मोजदाद करणारे उपकरण प्रत्येक वीज-कारागिराजवळ असते. आपण फक्त विचारायचे असते, आणि विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम अधिक काळजीने होते हा सार्वत्रिक अनुभव आहे.

सारांश, चांगल्या जोडणीत दोन बंधने असतात. एक फ्यूजचे आणि दुसरे लांब झोताशी बांधलेल्या त्या बारीक तारेचे. पहिले आपल्या गाडीला आगीपासून वाचवते, दुसरे समोरून येणाऱ्याला आपल्यापासून वाचवते. दोन्हींचा खर्च एका दिव्याच्या किमतीपेक्षा कमी येतो, आणि दोन्ही बॉनेटखाली लपलेली असल्यामुळे त्यांचे कोणी कौतुक करत नाही. गुढियारीहून रात्री निघालेली गाडी पहाटे मुक्कामाला पोचते आणि वाटेत तिला भेटलेला सायकलस्वारही आपल्या घरी पोचतो, तेव्हा त्या दोन तारांनी आपले काम केलेले असते.